राक्षस जेवून जातो

मी फक्त एक ओळ वाढवली होती. ओळ तरी कसली, दोन शब्द. आमच्या कचेरीत दोन शब्दांनी आजवर कोणाचं काही बिघडलेलं नाही आणि कोणाचं काही भलंही झालेलं नाही. 'माहितीसाठी सादर' एवढ्यावर मी जवळपास सगळी नोकरी काढली आहे. पण घरी टाइप केलेल्या त्या दोन शब्दांनी एका मेलेल्या राक्षसाला जिवंत केलं, त्याच्या अंत्यविधीचा विचका केला आणि मला माझी बायको, तिचे प्रकाशक आणि वरच्या मजल्यावरची एक सतरा वर्षांची मुलगी अशा तिघांपुढे तोंड लपवायला जागा ठेवली नाही.

सुरुवातीपासून सांगतो. (मी कुठूनही सुरुवात केली तरी ऐकणाऱ्याला झोप मधेच लागते, असं बायकोचं मत आहे. तुम्ही जागे आहात असं धरून चालतो.)

माझी बायको मुलांसाठी पुस्तकं लिहिते. 'सात ढगांचं राज्य' ही तिची मालिका. पहिल्या भागात नऊ वर्षांची एक मुलगी उडत्या पलंगावर बसून ढगांमागच्या राज्यात जाते, तिथे तिला राजकन्या करतात, आणि मग जे काही होतं ते बहुतेक राक्षसामुळे होतं. या राक्षसाला बारमाही सर्दी. तो शिंकला की गावाची छपरं उडतात. मग बिचारा खांद्यावर शिडी टाकून दारोदार माफी मागत हिंडतो आणि छपरं परत बसवतो, ती हमखास दुसऱ्याच घरांवर. शिवाय एक बोलणारी किटली आहे, ती सगळ्यांची गुपितं वाफेबरोबर बाहेर सोडते. आणि एक चेटक्या आहे, त्याचा प्रत्येक मंत्र उलटा पडतो. पहिले चार भाग मुलांनी अक्षरशः खाल्ले. (वाचनालयातल्या प्रतीचे कोपरे मी स्वतः पाहिले आहेत.)

लहान मुलांसाठी लिहायचं तर घरात एक लहान मूल लागतं. आम्हाला मूल झालं नाही. त्यामुळे ती जागा रिकामीच होती आणि सेवाज्येष्ठतेनुसार माझ्याकडे आली. जेवणं झाली, टेबल पुसून झालं की ती कागद घेऊन माझ्यासमोर बसायची आणि दिवसभरात लिहिलेलं वाचून दाखवायची. मी हसलो की समासात एक टिंब पडायचं. मी 'मग?' म्हणालो की तिचा चेहरा फुलायचा. मी जांभई दिली की पानच्या पान बाद. "यांना कळलं म्हणजे दहा वर्षांच्या कुठल्याही मुलाला कळतं," असं तिने एका मुलाखतीत सांगितलं होतं. ते कात्रण आमच्या हेडक्लार्कने कचेरीच्या फलकावर लावलं. लोक हसले, पण मला आपला अभिमान वाटला. मी वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत आहे. तिथे काचेच्या कपाटात पितळेचं एक किलोचं वजन ठेवलेलं असतं आणि बाजारातली सगळी वजनं त्याच्याशी ताडून बघतात. त्या वजनाला कोणी मत विचारत नाही, पण ते नसेल तर कचेरीला टाळं लावावं लागेल. घरात माझं तसं होतं.

माझ्याकडे दुसरं काम टायपिंगचं. बायकोचं अक्षर जगात फक्त मला वाचता येतं. तिला स्वतःलाही दोन दिवसांनंतर येत नाही. "अहो, इथे मी काय म्हटलंय?" असं विचारत ती कागद घेऊन माझ्याकडे येते. (लग्नानंतर ती माहेराहून पत्रं पाठवायची. ती रागाची आहेत की प्रेमाची हे शोधता शोधता मला ही विद्या आली.) तर ती हाताने लिहायची, मी संध्याकाळी बसून टाइप करायचो, छापून ट्रेमध्ये ठेवायचो. टाइप केलेलं ती कधी तपासायची नाही. तेवढा तिचा माझ्यावर विश्वास होता. होता, असंच म्हणायला हवं आता.

मग वाचक मोठे झाले. आम्हाला कोणाला न विचारता झाले.

प्रकाशक घरी आले. ते माझ्या बायकोला ताई म्हणतात आणि त्या नात्याने मला भाऊजी. "ताई," ते म्हणाले, "पहिला भाग वाचणारी पोरं आता कॉलेजात गेली. मिशा फुटल्या त्यांना. त्यांच्यापुढे अजून शिंका आणि छपरंच ठेवली तर पाचवा भाग कोण उघडणार? मालिका वाचकांबरोबर मोठी झाली पाहिजे."

"म्हणजे नक्की काय करायचं?" मी विचारलं.

"अंधार, भाऊजी. थोडा अंधार लागतो."

मी उठून पडदा ओढला. मला वाटलं त्यांच्या डोळ्यांवर उजेड येतोय. त्यानंतरची चर्चा त्यांनी फक्त ताईशी केली.

अंधार आला. पाचव्या भागात राजकन्या सोळा वर्षांची झाली. त्यामुळे उडत्या पलंगाचा विषय प्रकाशकांनी नाजूकपणे काढून टाकला. राजकन्या आता पायी जाते. किटलीने एका युद्धात नको ते पाहिलं आणि कायमचं मौन धरलं. चेटक्या दारूला लागला. सगळ्यात मोठा घाव राक्षसावर पडला. त्याला सर्दी कधी नव्हतीच, असं पाचव्या भागात उघड होणार होतं. इतकी वर्षं जिला सगळे सर्दी समजत होते ते त्याचं आत कोंडलेलं रडणं होतं.

मी हे ऐकलं तेव्हा म्हणालो, "मग त्याला वाफ दिली होती दुसऱ्या भागात, ती फुकटच गेली की."

बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्या रात्री टेबल पुसून मी खुर्चीत बसलो तर ती कागद घेऊन तिच्या खोलीकडे निघाली.

"आज नाही वाचायचं?"

"तुम्हाला नाही आवडायचं हे."

"ऐकव तरी."

"अहो, वाचक मोठे झालेत," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. पुढचं वाक्य तिने बोलून दाखवलं नाही. माझ्या वयाच्या मुलालाही ते कळलं.

माझी जागा वरच्या मजल्यावरच्या मुलीला मिळाली. पहिला भाग निघाला तेव्हा ही पोर पुढचे दात पडलेल्या तोंडाने आमच्याकडे येऊन राक्षसासारखी शिंकून दाखवायची. आता ती सतरा वर्षांची होती, भर उन्हाळ्यात काळे कपडे घालायची आणि एका वेळी एकच शब्द बोलायची. दर रविवारी दुपारी ती यायची. बायकोच्या खोलीचं दार लागायचं. आत ती मुलगी टाइप केलेले कागद मोठ्याने वाचायची आणि बायको डोळे मिटून ऐकायची, म्हणजे तरुण आवाजात वाक्य कसं वाटतं ते कळतं म्हणे. मी चहा घेऊन दारावर टकटक करायची आणि कप देऊन परत फिरायचं. वाचन संपलं की ती मुलगी म्हणायची, "ओके." ही तिची सर्वात मोठी स्तुती. चार भाग मी हसून हसून खुर्चीतून पडलो त्याचं कोणाला काही नाही, आणि त्या एका 'ओके'वर बायकोचा आठवडा आनंदात जायचा.

खोटं कशाला बोलू, मला फार एकटं वाटायला लागलं. संध्याकाळी घरी आलो की भाजी चिरायची, भात टाकायचा, बायकोचं ताट झाकून ठेवायचं आणि आपलं ताट घेऊन बंद दारासमोर बसायचं. तिचं लिहून झालं की ती येऊन जेवायची, तोवर मी आडवा झालेलो असायचो. जेवताना कोणाचा तरी आवाज हवा म्हणून मी बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर मोठ्याने वाचायचो. एकदा त्यात 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असं आलं आणि मला हसू फुटलं, मग एकट्याने हसतोय हे लक्षात आलं आणि ते थांबलं. मुद्दाम खोकून बघितलं. एकदा पातेलं पाडलं. (पातेल्याला पोचा आला. तो तेवढा तिला दिसला.)

शेवटी मी ठरवलं की आपणही मोठं व्हायचं. हेडक्लार्कचा सल्ला घेतला. तो म्हणाला, "सोपं आहे. प्रौढ माणूस हसत नाही आणि शेवटी काय झालं ते विचारत नाही. आपल्या साहेबांकडे बघा." मी पंधरवडाभर साहेबांकडे बघितलं. कपाळाला आठी घालायला शिकलो. मग एका संध्याकाळी बायकोच्या दारावर टकटक करून म्हणालो, "एक पान वाचून दाखव. मी बदललोय."

तिने सुस्कारा सोडला, पण वाचलं. राजकन्या आणि शत्रूच्या सेनापतीचा मुलगा एका कड्यावर उभे आहेत. वारा आहे. दोघं बोलत नाहीत. सबंध पानभर बोलत नाहीत.

मी साहेबांसारखे डोळे मिटले आणि म्हणालो, "खोल आहे."

"खोल म्हणजे? काय झालंय त्या दोघांना?"

मी बराच विचार केला. "दोघांचं पोट बिघडलंय का?"

तिने कागद एकावर एक नीट ठेवले. "ते प्रेमात आहेत, अहो."

"मग बोलत का नाहीत?"

"प्रेमात आहेत म्हणून."

मी परत येऊन टेबलाशी बसलो. आम्हीही कित्येक महिने बोलत नव्हतो. पण ते त्याच कारणाने असेल असं काही मला वाटेना.

आणि मग अकरावा अध्याय टायपिंगला आला.

त्या अध्यायात सगळे जण किल्ल्यातल्या मोठ्या दालनात बसून युद्धाची चर्चा करताहेत. राक्षस कोपऱ्यात बसला आहे. त्याला दोनदा काहीतरी सांगायचं असतं, दोन्ही वेळा कोणीतरी मधेच बोलतं. मी टाइप करत गेलो. 'राक्षस उठला. त्याने दार हळूच ओढून घेतलं. बाहेर धुकं होतं. तो कड्याच्या दिशेने चालू लागला. आत सगळे बोलत होते. कोणाचंही लक्ष गेलं नाही.' इथे अध्याय संपतो, आणि पुढच्या अध्यायात कड्याच्या टोकावर फक्त त्याची टोपी सापडते.

माझी बोटं थांबली. खोलीतून तिच्या पेनाची खरखर येत होती. मी कचेरीतून येऊन दोन तास झाले होते आणि मी आलोय हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. मला राक्षसाचा काही राग आला नाही. मला फक्त वाटलं, एवढ्या थंडीत उपाशी पोटी कुठे निघालाय हा? म्हणून मी खाली एक ओळ टाइप केली.

'जेवून जा.'

कोण म्हणालं ते लिहिलं नाही. मला ठाऊकच नव्हतं. उद्या खोडू, असं म्हणून मी झोपायला गेलो, आणि कित्येक दिवसांनी लगेच झोप लागली.

उद्या खोडायचं राहिलं, कारण उद्या बारावा अध्याय आला. आता कोणी 'जेवून जा' म्हटल्यावर न जेवता जाईल असा तो राक्षस नव्हता. मी त्याला गेले चार भाग ओळखतो. तो परत फिरला असणार. मग कड्यावर टोपी कशी? वाऱ्याने गेली, असं मी एका वाक्यात मिटवलं. पण पुढे राजकन्या ती टोपी उराशी धरून तीन पानं रडते. बायकोने ती तीन पानं इतकी सुंदर लिहिली होती की त्यातला एक शब्दही गाळायचं मला पाप वाटलं. म्हणून सगळं जसंच्या तसं टाइप केलं आणि कंसात एवढंच घातलं: 'त्या वेळी राक्षस पलीकडच्या खोलीत दुसऱ्यांदा भात वाढून घेत होता. दार बंद असल्यामुळे त्याला काही ऐकू आलं नाही.'

(मला कंसांची सवय आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.)

तेरावा अध्याय म्हणजे राक्षसाचा अंत्यविधी. सातही ढगांवरून लोक आलेत. चेटक्या दारू न पिता उभा राहतो आणि भाषण करतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचे शब्द सरळ पडतात. या भाषणाला मी हात लावला नाही. फक्त राक्षसाला मागच्या रांगेत बसवलं. तो गर्दी बघून आला होता. कोणाचा अंत्यविधी आहे हे विचारणं त्याला बरं वाटलं नाही. आपलाच आहे हे त्याला भाषणाच्या मध्यावर कळलं. तेव्हा उठून 'मी इथे आहे' म्हणणं तर अजिबातच बरं दिसेना, लोक एवढ्या लांबून आले होते. आपल्याबद्दल कोणी इतकं चांगलं बोलेल हे त्याला माहीतच नव्हतं. तो रडू लागला. आणि रडणं आत कोंडायची सवय असल्यामुळे तो शिंकला.

पुढचं काय सांगू. फुलं गेली, मंडप गेला, चेटक्याची टोपी गेली. मौन धरलेली किटली एकदम म्हणाली, "तरी मी सांगणार होते." सेनापतीचा मुलगा उडून राजकन्येच्या अंगावर पडला, त्यामुळे त्या दोघांना अखेर एकमेकांशी बोलावं लागलं.

हे छापून मी ट्रेमध्ये ठेवलं आणि खूप हसलो. मग भानावर आलो. शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी आहे, परत आल्यावर तिन्ही अध्याय मूळ कागदांवरून पुन्हा टाइप करू आणि हे फाडून टाकू, असा माझा बेत होता. शनिवारी दुपारी घरी आलो तर ट्रे रिकामा. बायको स्वतःच येऊन कागद घेऊन गेली होती.

रविवारपर्यंत सांगता आलं असतं. दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आलो. मग म्हटलं, ती मुलगी आजारी पडेल. मुलगी ठणठणीत होती आणि नेहमीपेक्षा लवकर आली.

मी चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभा राहिलो. टकटक करायचं धैर्य होईना. आत ती मुलगी एकसुरी आवाजात वाचत होती. दालन आलं, धुकं आलं. "कोणाचंही लक्ष गेलं नाही," तिने वाचलं. मग थांबली. "जेवून जा."

"काय?" बायको म्हणाली.

"जेवून जा. असं लिहिलंय, काकू."

"कोण म्हणतं?"

"लिहिलं नाहीये."

वाटलं, आता दार उघडणार.

"पुढे वाच," बायको म्हणाली.

मुलीने पुढे वाचलं. कंसापाशी तिचा आवाज जरासा हलला. अंत्यविधीत राक्षस मागच्या रांगेत आला तेव्हा ती थांबली, नाक ओढलं, पुन्हा सुरू झाली. आणि शिंकेपाशी तिला वाचताच येईना. मी त्या पोरीला कित्येक वर्षांत हसताना ऐकलं नव्हतं. पुढचे दात पडलेले असताना हसायची तशीच हसत होती. बायकोचा मात्र आवाज नव्हता. चहावर साय धरली.

थोड्या वेळाने दार उघडलं. मुलगी बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, ट्रेमधलं एक बिस्किट उचललं आणि म्हणाली, "काका, तुम्ही ना." तीन शब्द. मग ती वर गेली.

बायको कागद घेऊन स्वयंपाकघरात आली आणि टेबलाशी तिच्या पूर्वीच्या खुर्चीत बसली. मी समोर बसलो.

"राक्षस मेला होता," ती म्हणाली.

"माहीत आहे. मीच टाइप केलं."

"मग?"

"मग त्याला भूक लागली असेल असं वाटलं."

"माझ्या पुस्तकात तुम्ही लुडबुड केलीत. मला न सांगता. उद्या हे प्रकाशकांकडे गेलं असतं."

"हो."

"का?"

मी बरंच काही ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो. "तो राक्षस मी आहे ना?" मी म्हणालो. "तो उठून जातो आणि कोणाचं लक्ष जात नाही. मारायचं तर मार, माझी ना नाही, पोरं मोठी झालीत हे मलाही कळतं. पण ते टाइप तरी मला करायला लावायचं नव्हतंस. मला या घरात फार एकटं वाटतं गं."

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्ही कसे राक्षस? अहो, राक्षस मी आहे."

राक्षसाचं पान मी पुन्हा समोर ओढलं.

"इतकी वर्षं मी शिंकले आणि पोरं हसली," ती म्हणाली. "आता त्यांना माझी सर्दी नको झाली. त्या खोलीत बसून रोज स्वतःला बजावते, की शिंकायचं नाही. मला येत नाही हो तो अंधार. ओढून ताणून आणते. दार का लावते, माहितीये? दार उघडं ठेवलं की तुम्ही टेबलाशी बसलेले दिसता. तुम्ही दिसलात की मला विनोदीच सुचतं. चार ओळींच्या वर अंधार टिकत नाही."

हे चांगलं होतं की वाईट, ते ठरवायला मला वेळ हवा होता. पण ती पुढे म्हणाली, "रोज लिहून बाहेर येते तेव्हा झाकलेलं ताट असतं. ते कोण ठेवतं?"

"मीच. दुसरं कोण आहे घरात?"

"मग 'जेवून जा' कोण म्हणालं?"

मला उलगडायला जरा वेळ लागला. (दहा वर्षांच्या मुलाला तेवढा लागतो.) उलगडलं तेव्हा मी चष्मा पुसायला घेतला. ती उठली, गार झालेला चहा परत गरम केला आणि आम्ही तो साय न काढता प्यायलो.

"म्हणजे चारही भागांत मी कुठेच नव्हतो?" मी विचारलं.

"कुठेच नव्हतात. आता स्वतःहून घुसलात."

राक्षस मात्र मेलाच. मूळ कागदांवरून मी तिन्ही अध्याय पुन्हा टाइप केले, एकही शब्द न वाढवता, आणि या वेळी बायको शेजारी बसून बघत होती. (विश्वासाचं म्हटलं ना मघाशी.) पाचवा भाग निघाला. वरच्या मजल्यावरची मुलगी वाचून खाली आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "ओके," ती म्हणाली. मग माझ्या टेबलावरून त्या फसलेल्या अंत्यविधीचे कागद न विचारता उचलून घेऊन गेली. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

प्रकाशकांच्या कानावर अर्थातच सगळं गेलं. ते म्हणाले, "भाऊजी, मोठ्यांच्या पुस्तकात हे चालणार नाही. पण जेवायला जाणारा राक्षस, यात काहीतरी आहे. नवी मालिका काढू. राक्षस रोज एका घरी जाऊन जेवतो. बस. ताई लिहितील."

"आणि मी?"

"तुम्ही ऐकायचं. पूर्वीसारखं."

तर माझी खुर्ची मला परत मिळाली. जेवणं होतात, टेबल पुसून होतं आणि बायको कागद घेऊन माझ्यासमोर बसते. आता मी पुड्यावरचा मजकूर वाचत नाही. फक्त एक गोष्ट आहे. नवी मालिका अगदी लहानांची आहे. वय वर्षं तीन ते पाच. पानावर एकच वाक्य, बाकी सगळं चित्र. दहाचा सोळा व्हायला निघालो होतो तो पाचावर आलो. कचेरीत हेडक्लार्क याला पदावनती म्हणतो, पण मी म्हटलं, कामावर तर आहोत.

काल तिने पहिलं पुस्तक संपवलं आणि वाचून दाखवलं. "राक्षस आला," ती म्हणाली आणि पान उलटलं. "बसला." पान उलटलं. "जेवला." पान उलटलं. "झोपला."

मी मनापासून हसलो. मग म्हणालो, "छान आहे. पण शेवटी झोपलं कोण?"

तिने माझ्याकडे पाहिलं, पेन उचललं, उरलेल्या तिन्ही पानांवरही 'राक्षस' लिहिलं आणि वर 'वय तीन ते पाच' होतं ते खोडून 'दोन ते तीन' केलं.